अक्का, तुमचा डावा तळहात

अक्का, मामी काय म्हणाल्या ते तुम्हाला सांगायलाच हवं. तुम्हाला शेवटची आंघोळ घालत होतो. पाण्याची कळशी माझ्या हातात देता देता तुमच्या या अक्कलकोटच्या भावजय म्हणाल्या, "आठ म्हैने नुसतं वर कर, खाली कर. काय मिळालं सांग की बाईला? जायाची ती गेलीच." मी कळशी घेतली आणि तुमच्या पायांवर पाणी ओतलं. तुमच्यादेखत तुमच्या माहेरच्या माणसाला मी कधी उलट बोलले नाही, त्या दिवशी तरी कशाला बोलू.

पण आज पाच दिवस झाले आणि माझं डोकं काही थंड होत नाही. मामी अजून इथंच आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगतात, की एवढे हाल करून काय उपयोग झाला, म्हाताऱ्या जिवाला सुखानं पडू द्यायचं होतं. लोक मान हलवतात. तुम्ही कधी म्हाताऱ्या झालात ते मला कळलंच नाही. अडुसष्ट म्हणजे काही म्हातारपण नव्हे, आणि सुखानं पडून राहणं तुम्हाला येत नव्हतं हे या घराच्या भिंतींनाही ठाऊक आहे.

आज सकाळी शेजारची कमल आली. तिच्या सासऱ्यांना महिन्यापूर्वी झटका आला, तुमच्यासारखाच, फक्त त्यांची उजवी बाजू गेली. उद्या त्यांना पहिल्यांदा फिजिओथेरपीला न्यायचंय. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "वहिनी, या येळंला इचारू नये, पण उद्या जाताना काय काय न्यावं लागतं?" मामींनी तिच्याकडं असं बघितलं, की ती माघारीच वळत होती. मी तिला हाताला धरून आत आणलं, तुमच्या खुर्चीवर बसवलं आणि तासभर बोलले. मामी उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी आपटू लागल्या. आपटोत. भांडी स्टीलची आहेत.

कमलला सांगितलं ते कामाचं. ज्याला कामाचं म्हणता येणार नाही, ते तुम्हाला सांगते.

त्या सकाळपासून सुरुवात करते, कारण त्या सकाळचा राग अजून गेलेला नाही. आपण दोघी जावा समोरासमोर भाकऱ्या थापत होतो. हॉटेलवाल्याच्या साठ कडक भाकऱ्या दहाच्या आत वाळवून बांधायच्या होत्या. तुमची भाकरी एका अंगाला जाड आणि एका अंगाला पातळ व्हायला लागली. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, म्हणून मला हसू आलं. तुम्ही म्हणालात, "पिठाची विरी गेलीय. जुनं पीठ हाय." अक्का, पिठाचा चिकटपणा गेला असता तर माझ्याही भाकऱ्या चिरल्या असत्या; मीही त्याच डब्यातलं पीठ घेतलं होतं आणि माझी एकही भाकरी चिरली नव्हती. मग मी नीट पाहिलं. तुमचा डावा हात परातीच्या काठावर नुसता पडून होता आणि तुम्ही एकट्या उजव्या हातानं भाकरी फिरवत होतात. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणालात, "मुंग्या आल्यात. काय न्हाय." तोंड एका बाजूला ओढलं जाईपर्यंत तुम्ही "काय न्हाय"च म्हणत राहिलात. एक तास गेला त्यात. तो तास तुम्ही पिठाच्या माथी मारलात, हे मी विसरणार नाही.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी कागदावर शेवटच्या ओळीत फिजिओथेरपी लिहिलं होतं आणि तोंडानंही सांगितलं होतं, उशीर करू नका. तुमच्या लेकानं, विजयनं विचारलं, "म्हणजे मालिशच ना?" डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडं वळले होते. आपणच माना डोलावल्या. घरी आल्यावर तो कागद फ्रीजवर ठेवला आणि अक्कलकोटकडचा तेलवाला बोलावला. बोलावला मामींनीच, हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते. रोज तासभर तो तुमचा हात कणीक मळावी तसा मळायचा. तुम्ही डोळे मिटून पडायचात आणि आम्हाला वाटायचं, बरं वाटतंय. पाच आठवडे गेले.

पण तेलवाल्याच्या नावानं तरी किती बोटं मोडू? खरी चूक माझ्या हातून झाली.

तुम्ही लिंगपूजेशिवाय पाण्याचा घोट घेत नाही, हे लग्न होऊन बार्शीहून आले त्या पहिल्याच सकाळी मी पाहिलं होतं. गळ्यातल्या चांदीच्या करंड्यातून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं, हात छातीसमोर धरायचा, उजव्या हातानं पाणी, भस्म, बेल वाहायचं आणि मग त्याच्याकडं बघत बसायचं. आमच्या माहेरीही पूजा असायची, पण घाईघाईची. तुमची पाहिली आणि मला माझीच लाज वाटली होती.

आता डाव्या हाताची मूठ वळलेली. पूजा नाही म्हणून खाणं नाही, आणि खाल्ल्याशिवाय आठच्या गोळ्या देता येत नाहीत. आपल्या मठाच्या स्वामींना विचारलं तर ते म्हणाले, आजारपणात उजव्या हातावर घेतलं तरी चालतं. मी ते तुम्हाला सांगितलं. तुमची जीभ तेव्हा जड होती, तरी शब्द न शब्द कळला: "मग पूजा कुठल्या हातानं करू? तुझ्या?" मी म्हणाले, हो, माझ्या हातानं करा. तुम्ही तोंड फिरवून घेतलंत.

म्हणून मी ते सुरू केलं. रोज सकाळी तुमच्यासमोर पाटावर बसायचं, तुमचा हात धरून पुढं ओढायचा, मुठीची बोटं एकेक करून उलगडायची, तळहातावर लिंग ठेवायचं आणि खालून माझा हात लावून धरायचा. बोटं उलगडली की पुन्हा आवळायची, मी पुन्हा उलगडायची. जोर लागायचा, अक्का. भाकरी थापून थापून माझ्या हातात जोर आहे. घड्याळात आठ वाजत आलेले असायचे. मला वाटायचं, मी सेवा करतेय. जो येईल तो म्हणायचा, मंगलनं जावेसाठी किती केलं, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

फ्रीजवरचा तो कागद काढून सात रस्ता चौकाजवळच्या फिजिओथेरपी सेंटरात आपण गेलो तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. पहिल्या मजल्यावर जायला जिना, लिफ्ट बंद. ज्यांना चालता येत नाही त्यांचं ठिकाण वर कोणी काढलं म्हणून मी खालीच भांडले होते. तुम्ही नऊवारी नेसून आला होतात, जरीकाठाची, जणू लग्नाला. तिथली फिजिओथेरपिस्ट श्रावणी म्हणाली, उद्यापासून ढगळ गाऊन घाला, मला खांदा आणि गुडघा दिसला पाहिजे. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जणू ही पोरगी मीच शोधून आणली असावी. कमलला मी हे पहिलं सांगितलं: सासऱ्यांना ढगळ बनियन आणि हाफ पँट घाल, लाजतील, लाजू दे.

ही श्रावणी चोवीस-पंचवीसची, घरी तेलुगू बोलणारी, आजोबा जन्मभर मागावर बसलेले. तिनं आधी तासभर नुसतं पाहिलं. तेल नाही, मळणं नाही. विजयचा चेहरा पडला. तिनं विचारलं, यांना कॉटवरून कोण उठवतं? मी म्हणाले, मी. दाखवा म्हणाली. मी मोठ्या दिमाखात तुमचा डावा हात धरला आणि ओढून उठवलं. तिनं दोन्ही हात पुढं करून मला थांबवलं आणि तुमच्या खांद्यावर बोट ठेवलं. हाड खोबणीतून बोटभर खाली सरकलं होतं. लुळ्या हाताला दोरीसारखं धरून ओढलं की असं होतं, ती म्हणाली, पाठीला आधार देऊन उठवायचं. सगळ्याच घरांत असं होतं, असंही म्हणाली, बहुतेक माझं तोंड बघून. "दुखत होतं का आजी?" तिनं तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "न्हाय."

महिनाभर मी रोज तुमचा खांदा ओढला आणि तुम्ही एकदाही हूं केलं नाही. का, अक्का? मला वाईट वाटेल म्हणून? की माझ्याकडून करून घेण्याची लाज वाटत होती म्हणून? मी हे कधी विचारलं नाही आणि माफीही मागितली नाही. आज मागू, उद्या मागू करत राहिले. जिन्यात मागावीशी वाटायची, तेवढ्यात तुमची काठी खाली पडायची.

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो प्रत्येकाला पहिल्या दिवशी विचारतात: तुम्हाला काय करता यायला हवंय? विजय म्हणाला, "चालता आलं पाहिजे." मी म्हणाले, "हातानं जेवता यावं, केस विंचरता यावेत." श्रावणीनं लिहून घेतलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. रिक्षात बसल्यावर तुम्ही म्हणालात, "मला कुणी इचारलंच न्हाय." मी म्हणाले, तुम्हालाच तर विचारलं. "तुमी दोघं बोलला की मधी." मग भवानी पेठेत वळल्यावर गल्लीच्या तोंडाशी हळूच म्हणालात, "डाव्या हातावर लिंग घ्यायचंय. माझं मी."

हे तुम्ही तिला सांगू दिलं नाहीत. पूजेचं आणि व्यायामाचं काय नातं, परक्या पोरीला घरातलं कशाला सांगायचं, असं तुमचं म्हणणं. मीही ऐकलं. म्हणजे सेंटरात ती तुमची बोटं सैल करायची आणि घरी सकाळी आठला मी ती ओढून उघडायची. दोघी जणी विरुद्ध बाजूंनी एकच हात ओढत होतो आणि एकीलाच त्याची खबर होती.

आणि तुमचे ते आकडे. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं ती विचारायची. तुमचं कायम दोन. खांदा वर नेला, दोन. टाचेवर उभं केलं, दोन. घाम फुटलाय, ओठ दातात धरलाय, तरी दोन. एकदा ती वैतागून म्हणाली, आजी, खरं सांगा की. तुम्ही म्हणालात, "विजयच्या येळंला दहा होतं. त्याच्या मानानं हे दोनच." पलीकडच्या कॉटवरचे गृहस्थ हसले आणि त्यांचा गुडघा वाकवणारा मुलगाही हसला. मला हसू आलं नाही. तुमचे दोन म्हणजे दुसऱ्याचे आठ, हे त्या पोरीला कोण सांगणार होतं? ती तुमच्या दोनवर विश्वास ठेवून आणखी पुढं न्यायची. कमलला मी बजावलंय, तुझा सासरा मोठेपणा मिरवायला लागला तर तू मध्ये बोल. तिथं दुखणं लपवणाऱ्याला शाबासकी मिळत नाही.

तीन आठवड्यांनी श्रावणी तुमच्यावर चिडली. पाय सुधारतोय, हात का नाही? तळहातावर नखांचे वळ होते आणि मनगट सुजलेलं होतं. घरी व्यायाम करत नाही तुम्ही, ती म्हणाली. हे मात्र मला सहन झालं नाही. तुम्ही घरी टीव्हीसमोर, जेवताना, माणसं आली तरी मोजून व्यायाम करत होतात. तुम्ही खालून माझा पदर ओढत होतात, तरी मी तिला सगळं सांगून टाकलं: पूजा, आठ वाजताच्या गोळ्या, उलगडलेली बोटं. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मीठ हवं असलं तरी विजयला सांगायचात, काकीला म्हणावं मीठ दे.

आणि ती पोरगी काय म्हणाली? मला वाटलं, आता म्हणेल पूजा बंद करा. ती खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजी, हे पहिल्या दिवशी सांगायचं होतं. मी चालण्याच्या मागं लागले होते. पूजा कशी करता ते दाखवा."

लिंग तुम्ही बाहेर काढणार नव्हतातच. तिनं कुठूनशी एक सुपारी आणली. कोपर टेबलावर, खाली आपल्याच सोलापुरी टॉवेलची गुंडाळी. बोटांना हात लावायचा नाही, ती म्हणाली. आधी मनगट खाली वाकवायचं, मग अंगठा बुडाशी धरून हळूच बाहेर घ्यायचा, मग थांबायचं. आपण थांबलो. पंखा फिरत होता. आणि तुमची बोटं, जी मी दोन महिने जोर लावून उलगडत होते, ती आपणहून सैल पडली. पूर्ण नाही, अर्धी. पण कोणी ओढल्याशिवाय. तुम्ही त्या हाताकडं दुसऱ्या कोणाचा असल्यासारखं बघत होतात. मी भिंतीकडं तोंड केलं, कारण मला माझेच हात नकोसे झाले होते.

सुपारी पडायची. मी उचलायची. पुन्हा पडायची. तुम्ही तुमच्या माहेरच्या कानडीत मोजायचात, ओंदु, एरडु, मूरु, ती तेलुगूत, ओकटी, रेंडु, मूडु, आणि तिसऱ्याला दोघींची गाठ पडायची. तिनं खोटी आशा कधी दिली नाही, यासाठी मी तिला मानते. हात सगळ्यात शेवटी येतो, ती म्हणायची, पूर्ण येईलच असं सांगत नाही, पण सोडून दिला तर बोटं मुठीतच आखडतील आणि मग ती कोणालाच उघडता येणार नाहीत. पाय चौथ्या महिन्यात आला. काठी घेऊन तुम्ही स्वयंपाकघरापर्यंत आलात आणि पहिल्यांदा काय केलंत, तर माझी भाकरी उलटून पाहिलीत आणि म्हणालात, "करपलीय." सगळे म्हणाले, चला, झालं, आता बास. विजयही म्हणाला, आई चालायला लागली, आता सेंटर कशाला. तुम्ही दुसऱ्या दिवशी गाऊन घालून, पिशवीत टॉवेल आणि सुपारी टाकून, नऊ वाजताच दारात बसलात.

आपलं भांडण खरं तेव्हा लागलं. घरी पूजेला आता पाटावर कोपर टेकवायचं, मनगट, अंगठा, थांबायचं, मग लिंग ठेवायचं. पण मी खालून माझा हात लावायचेच. नुसता, बोटभर अंतरावर. पडलं तर? सुपारी पडली तर उचलता येते. लिंग हातातून पडणं म्हणजे मोठा दोष, हे पडलं तर तुम्ही काय कराल? तुम्ही रोज म्हणायचात, "हात काढ." मी काढायचे आणि परत लावायचे. तुम्हाला कळायचं. दिसत नसलं तरी कळायचं. एकदा तुम्ही इतक्या चिडलात, की म्हणालात, "तुझा हात खाली असला की माझा काम करत न्हाय. तुला भाकरी शिकिवली तवा म्या काय केलं?"

काय केलंत ते मला पक्कं आठवतं. मी एकोणीस वर्षांची होते. पहिले दोन दिवस माझ्या हातांवर हात ठेवून तुम्ही परातीत फिरवलेत. तिसऱ्या दिवशी काढून घेतलेत. माझी भाकरी तव्यावर टाकताना मधोमध फाटली आणि सासूबाई बघत होत्या. तुम्ही पुढं आला नाहीत. मला तेव्हा तुमचा इतका राग आला होता, की आठ दिवस मी तुम्हाला जाऊबाई म्हणाले, अक्का म्हणाले नाही. नवव्या दिवशी भाकरी टम्म फुगली.

हे आठवूनही मी हात काढला, असं समजू नका. मी चिडून काढला. म्हटलं पडू दे एकदा, म्हणजे कळेल. मंगळवार होता, बाहेर कचऱ्याची गाडी गाणं वाजवत उभी होती. मी दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि बसले. तुमचा तळहात थरथरत होता. लिंग हललं, कडेकडं सरकलं, आणि करंगळी जराशी वर आली. ती करंगळी तुम्ही वर केलीत. मी पाहिलं. तिथं ते थांबलं. तुम्ही मोजत होतात, ओठ हलत होते, आणि हत्तु म्हणजे दहापर्यंत गेलात. मी रडायला लागले. तुम्ही नजर न काढता म्हणालात, "नीरु हाकु." पाणी घाल. मग लगेच, "र्‍हाऊ दे, मीच घालते."

त्यानंतर दोन महिने तुम्ही रोज स्वतः पूजा केलीत. कोपर पाटावर टेकलेलं असायचं, हात थरथरायचा, कधी कधी पाऊण तास लागायचा आणि गोळ्यांना नऊ वाजायचे. डाव्या हातानं तुम्ही पुन्हा भाकरी थापली नाहीत, केसांची गाठ बांधली नाहीत, हे मला मान्य आहे. मामी म्हणतात ते एवढ्यापुरतं खरं आहे. दोन महिने म्हणजे किती, असंही त्या म्हणतील. साठ सकाळी, अक्का. त्यातली एकही सकाळ मी कोणाला कमी करून सांगू देणार नाही. शेवटच्या दिवशीही पूजा आटोपून, करंडा गळ्यात घालून, तुम्ही खुर्चीत बसून नाश्त्याची वाट बघत होतात. मी भाकरी घेऊन आले तेव्हा तुमची मान कलली होती. दुसरा झटका, डॉक्टर म्हणाले. तो व्यायामानं आला नाही आणि व्यायामानं थांबणारही नव्हता, हेही त्यांनी मामींच्या समोर सांगितलं, पण मामींना तेवढं ऐकू आलं नसावं.

कमल जाताना म्हणाली, वहिनी, तुमी येता का उद्या संगं? मी हो म्हणाले. मामी दारातून म्हणाल्या, घरात माणूस जाऊन आठवडा नाही झाला आणि बाहेर पडणार? पडणार. दहा वाजता. तिच्या सासऱ्यांना काय हवंय ते त्यांच्याच तोंडून येईपर्यंत मी त्या खोलीत कोणाला बोलू देणार नाही. त्यांच्या मुलालाही नाही आणि मलाही नाही. श्रावणीला तुमची बातमी फोनवर कळवलीय. तुमची सुपारी तिला देऊन टाकणार आहे. चालेल ना?

एक गोष्ट मात्र मी कमलला सांगितली नाही. तुम्ही ती पाहिली नाहीत, म्हणून तुम्हालाच सांगते.

आंघोळ झाली, तुम्हाला हिरवी इरकल नेसवली, आपल्या लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणं भिंतीला टेकवून मांडी घालून बसवलं, कपाळभर भस्म लावलं. घर माणसांनी भरलं होतं. मामी तुमच्या उजव्या अंगाला उभ्या होत्या. स्वामी आले, त्यांनी तुमच्या गळ्यातल्या करंड्यातून लिंग काढलं आणि तुमचा डावा हात मांडीवर ठेवला. मी पुढं झाले. मनगट खाली, अंगठा बाहेर, आणि थांबले. सवयच झाली होती. बोटं उघडली. स्वामींनी तळहातावर लिंग ठेवलं आणि विजयनं पटकन वाकून खालून आपला हात लावला, पडू नये म्हणून. त्याचं चुकलं नाही, त्यालाही आम्हीच ते शिकवलं होतं.

मी म्हणाले, "विजय, हात काढ."

त्यानं वर पाहिलं. मामी म्हणाल्या, र्‍हाऊ दे की गं, पडंल. मी पुन्हा म्हणाले. आवाज जरा चढला असेल, कारण मागची माणसं माना उंचावून बघायला लागली. विजयनं हात काढून घेतला.

मेल्यावर सगळ्यांचेच हात सैल पडतात, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. आठ महिने मीच तो हात जवळून पाहिलाय. लिंग जागचं हललं नाही. स्वामींनी मंत्र म्हटला, बेल वाहिला, पाणी घातलं, आणि तुमचा डावा तळहात उघडा होता, अक्का, त्याच्याखाली कोणाचाही हात नव्हता.